वेताळाची गादी

अतिमानवांच्या सगळ्या जातीत मला फँटम सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. त्याला विशेष असं काही येत नाही. सुपरमॅन उडतो, भिंतीपलीकडचं पाहतो. स्पायडरमॅन पालीसारखा भिंतीवर चढतो. बॅटमनला उडता येत नाही, पण त्याच्याकडे पैसा आहे. आणि पैसा असला की माणसाला उडता येतं, हे आपण आजूबाजूला पाहतोच. फँटमकडे काय आहे? दोन पिस्तुलं, एक पांढरा घोडा, एक लांडगा, दोन अंगठ्या आणि नाव. बाकी सगळा कारभार नावावर. कोकणातल्या एखाद्या जुन्या घराण्यासारखा. जमीन कुळकायद्यात गेली, माडी एका अंगाला कलली, पण गावात शब्द अजून चालतो. नाही म्हणायला त्याच्या कवटीच्या गुहेत खजिना आहे, त्यात सिकंदराचा हिऱ्याचा पेलासुद्धा आहे. पण तो आपल्या माळ्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांसारखा. आहे म्हणून सांगायचं, रोज वापरायचा नाही.

ज्यांचं बालपण इंद्रजाल कॉमिक्सच्या बाहेर गेलं त्यांच्यासाठी (बिचारे!) थोडक्यात हकीकत सांगतो. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं. त्यावरचा एकच तरुण वाचला आणि वाहत वाहत किनाऱ्याला लागला. बांदार नावाच्या बुटक्या जंगलवासीयांनी त्याला उचलून नेलं, त्याची शुश्रूषा केली. पुढे किनाऱ्यावर त्याच्या बापाच्या मारेकऱ्याचं प्रेत सापडलं. त्याच्या कवटीवर हात ठेवून या पोराने शपथ घेतली, की मी, माझा मुलगा, माझा नातू, सगळे जण चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढत राहू. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, त्याच सिंहासनावर बसतो. बाहेरच्यांना वाटतं हा तोच, चारशे वर्षांचा. आपण ज्याच्या कथा वाचल्या तो एकविसावा.

या सगळ्याचा कर्ता ली फॉक हा अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. त्याआधी १९३४ साली त्याने मँड्रेक जादूगार काढला होता. वर्तमानपत्रवाल्यांनी चरित्र मागितलं तेव्हा गड्याने आपण जगभर फिरलेले प्रवासी आहोत असं ठोकून दिलं. खरा प्रवास नंतर, पैसे मिळाल्यावर झाला. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटमची रोजची चित्रपट्टी सुरू झाली. गंमत म्हणजे सुरुवातीला फँटम हा जंगलातला नव्हताच. जिमी वेल्स नावाचा न्यूयॉर्कचा एक श्रीमंत, आळशी तरुणच रात्री बुरखा घालतो, असा फॉकचा बेत होता. पहिली गोष्ट अर्धी झाल्यावर त्याचं मन बदललं, त्याने नायकाला जंगलात धाडलं आणि जिमी वेल्सचं पुढे काय झालं याची चौकशी कोणी केली नाही. दूरदर्शन मालिकांवर पोसलेल्या आपल्या पिढीला यात काही नवल वाटू नये.

सुपरमॅन आला जून १९३८ मध्ये, बॅटमन १९३९ मध्ये. म्हणजे अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख, वरून चड्डी आणि बुबुळं न दिसणारा बुरखा, ही जी पुढच्या सर्व अतिमानवांची वर्दी झाली, ती शिवून घेण्यात फँटम या दोघांच्या पुढे होता. बुबुळं न दाखवण्याची कल्पना फॉकला जुन्या ग्रीक पुतळ्यांवरून सुचली. चड्डी बाहेरून घालण्याची कशावरून सुचली हे मी शोधत बसलो नाही. काही गोष्टी न कळण्यातच मजा असते.

पोशाखाच्या रंगाची कथाही ऐकण्यासारखी आहे. फॉकच्या मनात करडा रंग होता. रोजची पट्टी काळीपांढरी असल्यामुळे तीन वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. १९३९ साली रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि फँटम जांभळा होऊन बाहेर पडला. हिरव्यागार जंगलात लपूनछपून वावरणारा माणूस आणि कपडे जांभळे! पण एकदा छापलं ते छापलं. स्वीडनमध्ये त्याला निळा केला, इटलीत लाल. आमच्या आईने हे प्रकरण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा प्रश्न समीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही असा होता. "हा धुवायला टाकतो तेव्हा काय नेसतो?" तिच्या मते चारशे वर्षांत एकदा तरी दोरीवर वाळत घातलेला पोशाख कोणाच्या दृष्टीला पडलाच असता आणि गुपित फुटलं असतं. मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही.

आपल्याकडे फँटम १९४० च्या दशकात इलस्ट्रेटेड वीकलीतून आला, पण तो इंग्रजी वाचणाऱ्या घरांपुरता. खरा घरोघरी पोचला तो मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून. या कामात अनंत पै होते. पुढे १९६७ साली अमर चित्र कथा काढणारे तेच. म्हणजे आपल्या मुलांच्या हाती आधी फँटम आणि मग श्रीकृष्ण देणारा माणूस एकच. मुखपृष्ठं बी. गोविंद काढत, आणि ती इतकी झकास असत की आतली चित्रं कधीकधी हिरमुसल्यासारखी वाटत. इंद्रजाल मराठीतही निघे. कोपऱ्यावरच्या वाचनालयात दिवसाच्या भाड्याने मिळे. अंक परत करताना वाचनालयवाला पानं मोजून घेई, कारण मारामारीचं पान फाडून ठेवण्याची आमच्या आळीत परंपरा होती. ती परंपराही बापाकडून मुलाकडे आलेली.

इथे आल्यावर संपादकांना एक अडचण आली. मूळ गोष्टीत फँटमचा देश होता 'बंगाली', चाच्यांची टोळी होती 'सिंग' आणि बापाच्या खुन्याचं नाव होतं 'रामा'. आता हे भारतात छापायचं म्हणजे एका अंकात तीन मोर्चे. तेव्हा बंगालीचं झालं डेंकाली, सिंगचं सिंगा आणि रामाचा रामालू. दोनचार अक्षरांत राष्ट्रीय एकात्मता साधली गेली. मुळात फॉकने देश कल्पिला तो आपल्या बाजूचा, आशियातला. पुढे साठच्या दशकात तो हळूच आफ्रिकेत सरकला. देश सरकला, पण वाघांना कोणी कळवलं नाही. ते तिथेच राहिले. जिथे सिंह आहेत, वाघ आहेत, आणि ईडन बेटावर तर हे दोघे हरणांबरोबर गुण्यागोविंदाने नांदतात, कारण लहानपणापासून त्यांना मासे खायची सवय लावलेली आहे. जगातले एकमेव सारस्वत वाघ!

हिंदीत फँटमचा 'वेताल' झाला, बंगालीत 'अरण्यदेव'. बंगाली नाव देखणं खरं. देवघरात ठेवावं असं. पण मला वेताळच बरोबर वाटतो. फँटमचं मूळ बिरुद आहे चालतं भूत. आणि आमच्याकडे चालत्या भुताचा मान कोणाचा? वेतोबाचा. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला जाऊन पाहा. देवळात भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा ठेवलेल्या दिसतील. वेतोबा रात्री गावाभोवती फेरी मारतो, राखण करतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त नव्या वाहतात. आता सांगा, सेंट लुईसच्या माणसाला जे १९३६ मध्ये सुचलं ते कोकणातल्या माणसाला आधीच सुचलेलं होतं की नाही? फरक इतकाच, की फॉकने भुताला बूट दिले पण ते झिजतात हा विचार केला नाही. वहाणा झिजणारा देव हा राखणदार म्हणून जास्त भरवशाचा. त्याच्या कामाचा पुरावा तळव्यात असतो.

फँटमच्या कथांतली मला सर्वांत आवडलेली युक्ती म्हणजे जंगलातल्या जुन्या म्हणी. लेखकाला नायकाबद्दल काही मोठं सांगायचं झालं, की तो स्वतः सांगत नाही. जंगलात अशी जुनी म्हण आहे, असं म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात टाकून देतो. त्याच्या आवाजाने रक्त गोठतं, त्याच्या अंगात किती वाघांचं बळ आहे, सगळं म्हणींच्या नावावर. जाहिरातीचा इतका सभ्य प्रकार मी दुसरा पाहिला नाही. आम्ही मुलांनी तो ताबडतोब उचलला. "गणिताच्या मास्तरांची सावली वहीवर पडली की बेरीज आपोआप चुकते — जंगलातली जुनी म्हण." "जो सोसायटीचा सेक्रेटरी झाला, त्याला एकवीस पिढ्या सुटका नाही — जंगलातली जुनी म्हण." ही दुसरी मी मोठेपणी रचली, आणि ती आमच्या सोसायटीत आता खरोखरच जुनी म्हण झाली आहे.

त्याचं खाणंपिणंही आमच्या घरच्या शिस्तीत बसणारं होतं. फँटम ओव्हरकोट, टोपी आणि काळा चष्मा घालून शहरात जातो तेव्हा तो मिस्टर वॉकर असतो. कुठल्याशा बदनाम गुत्त्यात शिरतो. तिथले गुंड दारू ढोसत असतात आणि हा मागवतो दूध! गुंड हसतात, हा त्यांचे जबडे मोडतो आणि दूध संपवून जातो. आमच्या आईला फँटमचा एवढाच भाग मान्य होता. पण याच दूध पिणाऱ्या माणसाच्या नावाने आपल्याकडे मुलांसाठी काय विकलं गेलं? सिगारेट! साखरेच्या पांढऱ्या कांड्या, टोकाला लाल ठिपका, आणि पाकिटावर फँटम. शाळेबाहेर ती ओठात धरून आम्ही धूर सोडल्याचा अभिनय करायचो, थंडीच्या दिवसांत तर तोंडातून वाफही निघायची. लोकप्रियता म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. तुम्ही जन्मभर दूध प्या. लोक तुमच्या नावाने सिगारेट विकणार.

आता जरा अवघड जागेचं दुखणं. मोठेपणी फँटम पुन्हा वाचायला घेतला की एक खडा दाताखाली येतो. आफ्रिकेतल्या जंगलात, आफ्रिकेतल्या माणसांचं रक्षण करायला, गोरा माणूस. तोही एकदोन वर्षं नाही, चारशे वर्षं. आणि ज्यांचं रक्षण करायचं ते बांदार कसे? तर त्यांच्या विषारी बाणांची धास्ती साऱ्या जंगलाला! माझा प्रश्न साधा आहे. ज्यांच्या बाणांना सगळं जंगल टरकतं, त्यांनी राखणीला बाहेरचा माणूस कशाला ठेवावा? बुडता पोरगा पाण्यातून कोणी काढला? बांदारांनी. औषधपाणी कोणी केलं? बांदारांनी. प्रत्येक फँटमच्या लहानपणचा सोबती, गुपित राखणारा, म्हातारपणी उशाशी बसणारा गुरान, तोही बांदार. सगळं खातं सांभाळायचं हेडक्लार्कने आणि सही साहेबाची. दीडशे वर्षं गोऱ्या साहेबाची सही पाहिलेल्या देशाला यात काही खटकलं नाही, उलट आवडलं, याचं मला थोडं वाईट वाटतं. स्वातंत्र्य मिळून सतरा वर्षं झाली होती आणि आम्ही गल्लीत खेळताना फँटम व्हायला भांडत होतो. गुरान व्हायला कोणी तयार नसे. शेवटी सर्वांत धाकट्याला गुरान करायचे.

फॉकच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने डोळे मिटून घेतले नाहीत. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले तसा त्याच्या गोष्टीतला देशही झाला. लामांडा लुआगा नावाचा आफ्रिकी डॉक्टर तिथला लोकनियुक्त अध्यक्ष झाला आणि जंगल गस्तीचा प्रमुख म्हणून कर्नल वोरुबू आला. या गस्तीचा सर्वोच्च सेनापती मात्र अज्ञातच, म्हणजे फँटम; तो तिजोरीत चिठ्ठी ठेवून हुकूम देतो. साहेब कधी दिसत नाही पण शेरा येतो, ही पद्धत आपल्या सरकारी कचेऱ्यांना नवी नाही. खरं उत्तर मात्र दुसऱ्याच कंपनीने दिलं. १९६६ साली ब्लॅक पँथर आला. तोही आफ्रिकेतला, त्याचाही बुरखा वंशपरंपरागत, पण माणूस तिथलाच आणि राजाही तिथलाच. २०१८ मध्ये त्याच्यावरचा सिनेमा जगभर तुफान चालला. फँटमच्या कथेत बांदारांनी विचारायला हवा होता तो प्रश्न दुसऱ्या कोणी तरी विचारला, असं मला तो पाहताना वाटलं.

पण वाचक हा मोठा बिलंदर प्राणी असतो. लेखकाने काय दिलं हे तो पाहत नाही, आपल्याला काय हवं ते उचलतो. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या वाघी लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर फँटमची चित्रं रंगवली. खऱ्या ढाली, खऱ्या लढाया. मरत नाही असा योद्धा ढालीवर असलेला बरा, हा त्यांचा हिशेब सरळ होता. तो गोरा आहे की जांभळा, हा प्रश्न त्यांनी काढला नाही. आणि स्वीडन, जिथे जंगल आहे पण वाघ नाहीत, तिथे १९५० पासून त्याचं मासिक निघू लागलं, पुढे तिथलेच लेखक-चित्रकार नव्या कथा रचू लागले. १९८६ साली एका प्राणिसंग्रहालयात त्याच्या नावाची नगरीसुद्धा उभी राहिली. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून त्याचे अंक निघत आले आहेत. जन्मगावी मात्र सुपरमॅनपुढे त्याला कोणी फारसं विचारलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, ही जंगलातली नसली तरी जुनीच म्हण आहे.

सिनेमाने त्याला न्याय दिला नाही. १९४३ साली कोलंबियाने टॉम टायलरला घेऊन पंधरा भागांची मालिका काढली. १९९६ साली पॅरामाउंटने बिली झेनला जांभळा पोशाख चढवला आणि सिनेमा आपटला. मी तो नंतर पाहिला. वाईट नाही हो. घोडा चांगला धावतो, खलनायक चवीने दुष्टपणा करतो, झेन बिचारा मनापासून हसतो. पण पडद्यावर फँटमचा जीव गुदमरतो, आणि त्याचं कारण मला वाटतं असं, की कागदावरचा फँटम हा मुख्यतः ऐकीव आहे. रे मूरच्या सुरुवातीच्या चित्रांत तो अर्धा अंधारातच असे. विल्सन मॅकॉयने त्याला लाकडी केला, १९६१ नंतर साय बॅरीने त्याला व्यायामशाळेत घातला. तरी गोष्टीतला दरारा तो येण्याआधी येई. ढोल वाजले, गुंडाचा चेहरा पडला, भिंतीवर कवटीचा ठसा दिसला, की काम झालं. सिनेमात नट पहिल्या दहा मिनिटांत समोर उभा राहतो आणि आपण म्हणतो, बरं, हा होय. भूत दिसलं की संपलं.

आणि तरीही इतकी वर्षं हा माणूस मनातून जात नाही. इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं, ली फॉक १९९९ मध्ये गेला. शेवटपर्यंत तोच लिहीत होता. फँटम मात्र चालूच राहिला, दुसऱ्यांच्या हातांनी. त्याच्या गोष्टीतही दुसरं काय आहे? लोक म्हणतात त्यातली मारामारी आवडायची. मला वाटतं, आवडायची ती गादी. एकविसाव्या फँटमला लहानपणी अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या क्लार्क्सव्हिल गावी मावशीकडे शिकायला पाठवलं होतं, जसं कोकणातली पोरं मुंबईला मामाकडे जात. तिथे तो अभ्यासात हुशार निघाला, खेळांत तर असा, की मुष्टियुद्धात मोठमोठ्यांना लोळवलं. डायना भेटली, मन बसलं. नाव होत होतं, पुढे पैसाही झाला असता. आणि निरोप आला, की वडील अखेरच्या घटका मोजताहेत. पोरगा उठला आणि जंगलात परत गेला. परतीचं तिकीट न काढता. तुला हे करायचं आहे का, असं त्याला कोणी विचारलं नाही. ही गोष्ट आज वाचताना खुपते. चार शतकं एका घराण्यातल्या एकाही मुलाला चित्रकार व्हावंसं वाटलं नसेल? एखाद्याला घोड्याची ॲलर्जी नसेल?

पण आमच्या आळीत एक वैद्य होते. आजोबांच्या वेळचा दवाखाना, आजोबांची बाकं, पाठीमागे औषधांच्या खणांवर आजोबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. चिठ्ठी विटली की वैद्यबुवा त्याच वळणात नवी लिहीत, त्यामुळे चौथ्या गावाहून येणाऱ्या म्हाताऱ्यांना दवाखाना तोच आणि वैद्यही तोच वाटे. एका आजीबाईंनी त्यांना माझ्यादेखत सांगितलं होतं, "माझ्या लग्नाआधी तुम्हीच मला काढा दिला होतात." वैद्यबुवा तेव्हा चाळिशीचे होते. त्यांनी खुलासा केला नाही. म्हणाले, "आता तोच देतो." त्यांचा मुलगा अमेरिकेला गेला, उत्तम शिकला, उत्तम नोकरीला लागला. आपली त्याला पूर्ण परवानगी आहे, असं वैद्यबुवा सर्वांना सांगत आणि ते खरंच होतं. मुलाने परत यायला हवं होतं असं मी म्हणत नाही; माझा स्वतःचा पुतण्या तिकडे आहे आणि तो सुखी आहे. वैद्यबुवा गेल्यावर मुलगा आला, पंधरा दिवस राहिला, बाकं कोणाला तरी देऊन टाकली. खणांवरच्या चिठ्ठ्या मात्र त्याने ब्लेडने एकेक करून न फाडता सोडवल्या आणि बॅगेत घातल्या. तिकडे त्यांचं काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही. असू देत."

आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. परवा एक म्हातारे गृहस्थ तिथे काउंटरवर हात टेकून विचारत होते, वैद्य केव्हा बसतात? दुकानातल्या पोराने मान वर न करता सांगितलं, "आत्ताच बाहेर गेलेत."

का कोण जाणे, मला ते उत्तर फार बरं वाटलं.